तोंडात हिरडा

मला गप बसवणारा माणूस माझ्या आयुष्यात एकच झाला. आईवडील थकले. नवऱ्याने लग्नाच्या दुसऱ्या महिन्यातच प्रयत्न सोडला. लातूरच्या ज्या कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवायचे, तिथले प्राचार्य माझा तास संपल्याची घंटा दोनदा वाजवून घ्यायचे. श्वसनसंस्था शिकवताना मॅडम स्वतः श्वास घेत नाहीत, असं मुलं म्हणत. खरं असावं. एवढ्या लोकांना जे जमलं नाही ते आमच्या प्रयोगशाळेतल्या एका काटकुळ्या शिपायाने वाळलेल्या हिरड्यावर करून दाखवलं.

खाजामियाँ त्यांचं नाव. सगळं कॉलेज त्यांना चाचा म्हणायचं. मूळचे नांदेडचे, पण पोटापाण्यासाठी लातुरात आलेले. चाचा आले हे कधी कळायचं नाही. मी फळ्यावर हृदय काढत असायचे, खडू संपायचा आणि मागे वळून बघावं तर चाचा नवा खडू घेऊन उभे. कधी आले, किती वेळ उभे आहेत, देव जाणे. प्रयोगशाळेच्या वीसेक किल्ल्यांचा जुडगा ते रुमालात गुंडाळून ठेवत, आवाज होऊ नये म्हणून. काचेची बरणी टेबलावर ठेवताना आधी करंगळी टेकवत आणि मग तिच्यावर बरणी. लांबून कोणाला हाक मारायची नाही, चालत जवळ जायचं. आणि बोलताना समोरच्याकडे बघायचं नाही, त्याच्या खांद्यापलीकडे बघायचं.

"चाचा, तुम्ही माझ्याकडे बघून का बोलत नाही?" मी एकदा विचारलं.

"सवय हाय मॅडम. थेट बघितलं की जनावर उठतं."

मला जनावर म्हटलेलं माझ्या लक्षात यायला जरा वेळ लागला.

चाचा तरुणपणी शिकाऱ्यांबरोबर असायचे. बंदूक त्यांची नव्हे. बंदुका नांदेडच्या परवानेवाल्या बड्या लोकांच्या. उन्हाळ्याच्या तोंडाला ही मंडळी किनवटच्या जंगलात चितळाच्या मागे जायची, आणि चाचा आणि त्यांचे थोरले भाऊ हरणाला बोलवायला बरोबर. म्हणजे पळसाचं पान दुमडून ओठात धरायचं आणि पाडसाचा आवाज काढायचा, की मादी येते. किंवा गळून पडलेली दोन शिंगं एकमेकांवर आपटायची आणि घासायची, की दोन नर भांडतायत असं वाटून तिसरा येतो. पुढे कायदा आला, शिकार बंद झाली. चाचांनी शिंगं मुकाट्याने जंगलखात्याच्या कचेरीत नेऊन दिली.

"वाईट नाही वाटलं?"

"वाटायचं काय त्यात? हरणंच उरली न्हवती. आवाज कोणाला देणार?"

भावाचा विषय निघाला की मात्र चाचा चार वाक्यं जास्त बोलत. त्यांच्या घरात दोन पंथ होते. बडेभाई आवाज देणाऱ्यांतले, चाचा गप बसणाऱ्यांतले.

"बडेभाईचा गळा सोन्याचा होता, मॅडम. पान ओठात धरलं की मादी धावत यायची. पण माणूस लई हौशी. एकदा आवाज काढून भागायचं न्हाई. काढूनच राहायचा. एके दिवशी त्यानं शिंगं इतकी झकास वाजवली, की नाल्यापलीकडची दुसरी पार्टी फसली. झुडपात दोन नर हायत म्हणून त्यांनी बार टाकला. छर्रे मांडीत."

"अरे देवा! मग?"

"मग काय, जन्मभर लंगडला. आन् जन्मभर लोकांना सांगत राहिला, की आपला आवाज असा, माणसाला हरणाचा धोका झाला."

मला हा भाऊ फार आवडला. मी मनातून त्याच्याच बाजूची होते. म्हटलं, "पण चाचा, गप बसून तरी हरीण कुठे येतं?"

"न्हाई येत. नुसतं गप बसणारा झाड होतो. झाडाकडे हरीण बघत बी न्हाई. एकदा आवाज द्यायचा. एकदाच. मग बसायचं. पहिल्यांदा दिला की त्याला वाटतं, हरीण हाय. दुसऱ्यांदा दिला की त्याला शंका येते. तिसऱ्यांदा दिला की खात्री पटते, की माणूसच हाय. जनावर एकदा सांगतं आन् ऐकत बसतं. तेच तेच सांगणारा एकच प्राणी."

हे सांगताना ते माझ्या खांद्यापलीकडे बघत होते, त्यामुळे मी ते मनाला लावून घेतलं नाही. घ्यायला हवं होतं.

एकदा प्रॅक्टिकलला मुलं मागेच लागली, चाचा, आवाज काढून दाखवा. शिंगं तर नव्हती. चाचांनी कपाटातली सांगाड्याची पेटी उघडली, मांडीची दोन हाडं काढली, हातात जोखली आणि एकमेकांवर वाजवली. खट्. मग खट्खट्, आणि मग एक लांब घासण्याचा आवाज, असा की माझ्यासुद्धा अंगावर काटा आला. चाळीस मुलं श्वास रोखून बसली. माझ्या तासाला अशी शांतता कधी झाली नव्हती. अर्ध्या मिनिटाने दार ढकलून प्राचार्य आत आले आणि "काय चाललंय इथे?" म्हणून ओरडले.

"आलं," चाचा हळूच म्हणाले.

त्या दिवशी मेमो मला मिळाला. प्रयोगशाळेतल्या मानवी अवशेषांचा गैरवापर, असं त्यात लिहिलं होतं. मी तीन पानी उत्तर लिहिलं. चाचांनी वाचलं आणि म्हणाले, "एक ओळ बास होती." तीन पानांमुळे मला दुसरा मेमो मिळाला.

मग भूकंप झाला. त्या दुपारी कॉलेजातून एक टेम्पो किल्लारीच्या बाजूला निघाला. ब्लँकेटं, बिस्किटं, पाण्याचे कॅन आणि आम्ही दहा-बारा जण. ज्या गावात उतरलो त्याचं नाव लिहीत नाही. त्या दिवशी तिथे गाव उरलंच नव्हतं. दगडमातीचे ढीग, आणि प्रत्येक ढिगावर चढून हाका मारणारी माणसं. मी खेळाच्या सरांची शिट्टी गळ्यात अडकवून गेले होते. का, ते मला आजही सांगता येणार नाही. काहीतरी उपयोगी वस्तू बरोबर असावी म्हणून. एका ढिगावर चढून मी शिट्टी फुंकायचे, "कोणी आहे का आत?" असं ओरडायचे, आणि उत्तर यायच्या आत पुन्हा शिट्टी फुंकायचे.

चाचा आले आणि त्यांनी माझ्या गळ्यातून शिट्टीची दोरी काढून घेतली. खिशातून हिरडा काढला. "तोंडात धरा. चघळायचा न्हाई, नुसता धरायचा." शिकारीत खोकला येऊ नये आणि तोंड उघडू नये म्हणून ही माणसं गालात हिरडा धरत. मी धरला. तो इतका तुरट असतो की जीभ टाळूला चिकटते आणि बोलायचं म्हटलं तरी फक्त लाळ येते. मग चाचा आजूबाजूच्या दहा-पंधरा जणांकडे एकेक करून गेले, प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवला आणि काहीतरी पुटपुटले. हळूहळू त्या ढिगापुरत्या हाका थांबल्या. चाचांनी एक पितळी तांब्या उचलला, दगडावर एकदाच वाजवला आणि कान लावून आडवे झाले.

किती वेळ गेला कोण जाणे. मला चार वेळा वाटलं, पुन्हा वाजवा ना. तोंडात हिरडा होता म्हणून म्हणाले नाही. आणि मग खालून काहीतरी खरवडल्यासारखं ऐकू आलं. अगदी बारीक.

संध्याकाळपर्यंत हातांनी दगड उपसले. शेळी निघाली. त्या दिवशी आमच्या हातून जिवंत असं तेवढंच बाहेर आलं. घरातली बाई ढिगाच्या कडेला बसून होती, तिने शेळीचा कान मुठीत धरला आणि सोडला नाही. तिच्या घरातल्या बाकीच्यांबद्दल तिला कोणी काही विचारलं नाही. चाचा हातपाय धुवून टेम्पोच्या मागे जाऊन उभे राहिले. परत येताना मी टेम्पोत सगळ्यांना, मदतकार्यात शांतता किती महत्त्वाची, यावर व्याख्यान दिलं. कोणी अडवलं नाही. सगळे दमले होते.

त्यानंतरच्या वर्षांत लातुरात जमीन हलायची थांबली आणि क्लास निघू लागले. दर दुसऱ्या घरावर पाटी. नांदेड, परभणी, बीडहून पोरं पेट्या घेऊन एसटीतून उतरायची. डॉक्टर होण्यासाठी लातूर, असं जगाने ठरवून टाकलं, आणि ते जगाला सांगणाऱ्यांत मीही होते. नोकरी सोडून मी शहराच्या कडेला, जिथे वस्ती संपून ऊस सुरू होतो, तिथे एक इमारत भाड्याने घेतली. खाली क्लास, वर मुलींचं वसतिगृह. चाचा तेव्हा निवृत्त झाले होते. मी त्यांना फाटकावर बसवलं.

पहाटेच्या बॅचला मुलींना उठवायचं काम त्यांचं. इतर वसतिगृहांत बायका जिने चढून दारं बडवायच्या. चाचा फाटकाच्या लोखंडी खांबावर काठी एकदा टेकवायचे. टण्. बस. पाच मिनिटांत मुली खाली. गजराचं घड्याळ ऐकू येत नाही, चाचांचं टण् येतं, असं त्या म्हणायच्या.

माझ्याकडे माईक होता. दर शनिवारी चाचणीचे मार्क मी माईकवरून वाचायचे, आणि तेही खालून वर. सगळ्यात कमी ज्याला त्याचं नाव पहिलं. यामुळे चुरस वाढते, असा माझा सिद्धांत होता. असे माझे बरेच सिद्धांत होते.

"मॅडम, नावं वाचू नका," चाचा एकदा म्हणाले.

"का?"

"रान उठतं."

मी हसले. पुढच्या शनिवारी पुन्हा वाचले.

मनीषा धर्माबादची. वडिलांची मिरचीची आडत, घरात शिकणारी ही पहिलीच. बारीक आवाजाची, सरळ भांग पाडणारी मुलगी. सलग तीन शनिवार पहिलं नाव तिचं आलं. तिसऱ्या शनिवारी मी तिच्या नावाच्या आधी जरासं थांबले होते, आणि वर्ग हसला होता. तो थांबा मी मुद्दाम घेतला होता. हे लिहायला बरं वाटत नाही, पण खरं आहे.

दुपारी जेवायला ती आली नाही. खोलीत नव्हती. स्टँडवर नव्हती. दीडच्या सुमाराला तिच्या मैत्रिणीला उसाच्या बांधावर तिच्या चपला सापडल्या. बांधापासून दहा पावलांवर विहीर होती.

मी धर्माबादला फोन लावला. वडील म्हणाले, "जीप करून निघतो," आणि फोन ठेवला. मग मी मला येत होतं ते केलं. आवाज दिला. भोंग्याची रिक्षा बोलावली. ही तीच रिक्षा, जी प्रवेशाच्या दिवसांत माझी जाहिरात करत लातूरभर फिरायची. मी स्वतः माईक धरला: "मनीषा, तू जिथे असशील तिथून परत ये. तुला कोणी रागावणार नाही." एवढं बोलून मी दम घ्यायला माईक खाली केला, की रिक्षावाला सवयीने कॅसेट चालू करायचा. आधी सनई, मग माझाच आवाज: "डॉक्टर व्हायचंय? मग वाट कसली बघताय? मोजक्याच जागा शिल्लक!"

"अहो, बंद करा ते!"

"मॅडम, हात जाऊन राहिला आपोआप. दोन महिने हेच वाजवलं ना."

असं त्या उसाभोवती तीन वेळा झालं. मनीषा, परत ये. मोजक्याच जागा शिल्लक. तोवर विहिरीवर माणसं जमली होती. कोणी गळ आणायला धावलं. चार-पाच जण हाका मारत उसात घुसायच्या बेतात होते.

चाचा चपलांपाशी उकिडवे बसले होते. त्यांनी मला खुणेने बोलावलं. "हे बघा. कालच पाणी दिलंय रानाला. चपला रुतल्या म्हणून पाय काढून घेतले तिनं. पाऊल सरीत गेलंय. विहिरीकडे एक बी पाऊल न्हाई."

"म्हणजे आत आहे! चला, आत..."

"थांबा. पलीकडच्या अंगाला दुसरी विहीर हाय. तिला कठडा न्हाई. हाका मारत इकडून घुसलात तर ती तिकडून निघेल. हरीण असंच मरतं, मॅडम. हाकेपासून पळताना."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि चाचांनी त्यात हिरडा ठेवला. अक्षरशः. मग त्यांनी रिक्षा परत पाठवली. मुलींना वर पाठवलं, जमलेल्या माणसांना लांब रस्त्यावर नेऊन थांबवलं. दोन गड्यांना लांबून वळसा घालून पलीकडच्या विहिरीवर बसवलं, विड्या न ओढण्याच्या अटीवर. बांधावर मोटारीचा लोखंडी पाइप होता. चाचांनी त्यावर काठी एकदा टेकवली. टण्. मग ते उसाकडे पाठ करून बसले, आणि मला तशीच बसायला लावलं.

अडीच वाजले असतील. ऊन डोक्यावर. मी आयुष्यात इतकी गप कधी बसले नव्हते आणि त्या तासाभरात मला कळलं, की मी इतकी वर्षं का बोलत होते. गप बसलं की आपण काय केलंय ते ऐकू येतं. मला माझा तो शनिवारचा थांबा ऐकू येत होता. मी चाचांचं मनगट धरून पाइपकडे बोट दाखवलं, पुन्हा वाजवा. त्यांनी नकारार्थी मान हलवली. थोड्या वेळाने मी काठीकडे हात नेला. त्यांनी काठी मांडीखाली घेतली.

मग त्यांनी डबा उघडला. ज्वारीची भाकरी, ठेचा, कांदा. कांदा बुक्कीने फोडला. वास पसरला. त्यांनी एक घास खाल्ला आणि उरलेली भाकरी फडक्यावर तशीच ठेवली.

साडेतीनच्या पुढे मागे पाचट वाजलं. मी उठणार तेवढ्यात चाचांचा हात माझ्या गुडघ्यावर पडला. पुन्हा शांतता. पुन्हा पाचट. मग आमच्या बाजूला, पाच हातांवर, मनीषा येऊन बसली. हातांवर उसाच्या पात्यांचे ओरखडे, पाय चिखलाने भरलेले. चाचांनी तिच्याकडे बघितलं नाही. फडकं तिच्या बाजूला सरकवलं. तिने भाकरी संपवली, कांदा संपवला आणि मग मला म्हणाली, "मॅडम, माझं नाव माईकवर वाचू नका."

माझ्याकडे उत्तरं बरीच होती. कष्ट, जिद्द, अपयश ही यशाची वगैरे. पण जीभ टाळूला चिकटली होती, त्यामुळे मी फक्त होकारार्थी मान डोलावली. तोंडात हिरडा नसता तर ती पोर परत उसात गेली असती, याबद्दल मला शंका नाही.

चाचांनी काठी घेतली. "उठा पोरींनो," म्हणाले. मी तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होते.

वडील सात वाजता पोहोचले. वाटभर काय काय बोलायचं ठरवलं असेल कोण जाणे. फाटकावर चाचांनी त्यांना पाणी दिलं आणि पिऊन होईपर्यंत आत सोडलं नाही. आत येऊन ते मुलीजवळ बसले आणि तिच्या हातावरच्या ओरखड्यांना खोबरेल लावत राहिले. एवढंच.

पुढच्या शनिवारपासून मार्क घडी घातलेल्या चिठ्ठीवर, ज्याचे त्याच्या हातात. मनीषा डॉक्टर झाली नाही. अर्धापूरला तिचं औषधांचं दुकान आहे, आणि गिऱ्हाईक एक गोळी मागतं तर ती त्याला अर्धा तास सल्ला देते. माझ्याकडून ती एवढंच शिकली.

चाचा नंतर थकले आणि लेकीकडे नांदेडला गेले. मी एकदाच जाऊ शकले. जुन्या वस्तीतली अरुंद गल्ली, निळं दार, त्याला कडी. मी कडी एकदा वाजवली आणि उभी राहिले. कोणी आलं नाही. आतून खोकल्याचाही आवाज नाही. शेजारच्या बाई म्हणाल्या, "जोरात वाजवा ना, म्हाताऱ्याला ऐकू कमी येतं." मी म्हटलं, राहू दे. मिनिटं गेली. पाच की दहा, मी घड्याळ बघितलं नाही. मग आत पावलांचा नव्हे, भिंतीला हात घासल्याचा आवाज आला, आणि दार उघडलं. चाचा आणखी बारीक झाले होते. त्यांनी पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे बघितलं.

"दोनदा वाजवलं असतं तर उघडलं नसतं," म्हणाले.

मग मी आत गेले आणि बसले, आणि पाऊण तास सलग बोलले. क्लास, नवरा, गुडघे, लातूरचं पाणी, नव्या पोरांचे मोबाइल. चाचा ऐकत होते, नेहमीसारखे माझ्या खांद्यापलीकडे बघत. मध्येच त्यांनी उशीखाली हात घातला आणि हिरडा काढला. मी निमूट हात पुढे केला.

त्यांनी तो जरा वेळ बोटांत फिरवला, आणि स्वतःच्या तोंडात टाकला.